लाल पेटीतली पुडी

“ह्या गोळ्या चालू आहेत तोवर सर्दीची पुडी घरात नाहीच असं समजायचं, काकू. सर्दी झालीच, तर आधी मला फोन करायचा. सुट्टी असली तरी करायचा.”

खालच्या गावातल्या औषधाच्या दुकानातली तरुण नागाई-सान हे बोलली होती. आवाज मऊ, पण गाठ मारून दिल्यासारखा. हात्सुएने गोळ्यांची पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि मान लववली. काचेबाहेर, ट्रकमध्ये, तिचा नवरा तामोत्सु मुकाट समोर बघत बसला होता. तो कधी आत यायचा नाही. आत आलं की नागाई-सान विचारणार, लघवी कशी होते, थांबत थांबत होते का. आणि मागे पोस्टातली बाई नाहीतर भातगिरणीवाला उभा असायचाच. सत्तरी ओलांडलेल्या, उभा जन्म डोंगरात काढलेल्या माणसाने असल्या प्रश्नाला चारचौघांत काय तोंड द्यायचं? म्हणून त्याच्या नाकाचं आणि पोटाचं सगळं हात्सुएने ऐकून घ्यायचं आणि घरी भात वाढता वाढता त्याच्या कानावर घालायचं, अशी रीतच पडून गेली होती.

नागाई-सानने कारणही सांगितलं होतं. झाडांच्या फुलोऱ्याने, परागाने होणाऱ्या त्रासाच्या ह्या गोळीत नाक सुकवणारं औषध आहे, आणि सर्दीच्या पुडीतही त्याच जातीचं असतं. नावं वेगळी, कूळ एक. दोन्ही एकदम पोटात गेली की नुसतं नाक सुकून थांबत नाही. तोंड सुकतं, डोळ्यांवर झापड येते, आणि तामोत्सु-सानना आधीच लघवीला वेळ लागतो, ती अडूनच बसायची. तेव्हा ताप आला तर नुसती तापाची साधी गोळी, घशाला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, नाकाला फार तर फवारा, तोही मी सांगेन तो.

“लक्ष ठेवाल ना?”

“ठेवीन,” हात्सुए म्हणाली.

हात्सुए शब्द स्वस्तात देणारी बाई नव्हती. लग्न होऊन योशिनोच्या ह्या डोंगरात आली त्या सालापासून पहाटेचं पहिलं पाणी ती वर याकुशीच्या देवळीत नेऊन ठेवत होती. याकुशी म्हणजे डाव्या हातात औषधाचं भांडं धरून बसलेला बुद्ध. देवळी एवढीशी, छपराला शेवाळ चढलेलं. पण पायाखाली बर्फ असो की अंगात कणकण, तिचं पाणी कधी चुकलं नाही. वाडीतल्या बायका म्हणायच्या, हात्सुए वर निघाली की घड्याळ लावून घ्यावं.

घरासमोरचा सगळा उतार सुगीच्या झाडांचा, म्हणजे जपानी देवदाराचा. तामोत्सुच्या बापाने, कुमाझोने, लढाईनंतर एकेक रोप पाठीवर नेऊन तो लावला. नातवंडं ह्या लाकडावर बसून खातील, असं तो म्हणायचा. पुढे लाकडाला कोणी विचारेनासं झालं, तोडायची मेहनत लाकडाहून महाग झाली, आणि झाडं आपली उभीच राहिली. उंच झाली, म्हातारी झाली, फुलू लागली. हिवाळा सरता सरता शेंडे तांबूस होत, आणि एक झुळूक आली की अख्ख्या उतारावरून पिवळा धूर उठे. तो धूर दारातून, खिडकीतून, वाळत घातलेल्या कपड्यांतून घरात येई. तामोत्सुचे डोळे सुजत, नाकाचा नळ होई. एकामागून एक शिंका देऊन झाल्या की तो नाक पुसत म्हणायचा, “बाप उठला बघ.”

ह्या वर्षी त्याच बापाचं तेहतिसाव्या वर्षाचं श्राद्ध होतं. शेवटचं. ते झालं की मेलेला माणूस पितरांत मिसळतो, मग त्याच्या एकट्याच्या नावाने काही करायचं उरत नाही. आणि ह्या शेवटच्या श्राद्धाची त्या खोऱ्यातली रीत अशी, की थोरल्या मुलाने सुगीचं जिवंत झाड तोडायचं, शेंड्याची पालवी तशीच ठेवायची, बुंध्याची एक बाजू तासून सपाट करायची. भटजींनी त्या सपाटीवर शाईने नाव लिहायचं. मग मुलाने ते खांद्यावर घेऊन चढण चढायची आणि बापाच्या थडग्यामागे रोवायचं. आयुष्यात एकदाच येणारं काम. ते करताना मुलगा चुकला, अडखळला, तर लोक पुढची तीस वर्षं सांगतात.

श्राद्ध वसंतातल्या पितृसप्ताहात आलं होतं. झाडं तेव्हाच फुलून धुरावलेली असतात.

तामोत्सुने बापाच्या उतारावरचंच झाड निवडलं. दाटीत वाढलेलं, वयाने पोक्त पण अंगाने हडकुळं, खांद्याला पेलेल असं. त्याच्या शेंड्याला तांबूस तुऱ्यांचे नुसते घोस लटकत होते. हात्सुएने एकदा म्हणून पाहिलं, की न फुललेलं एखादं कोवळं झाड चालणार नाही का. तो म्हणाला, बापाला पोराने लावलेलं झाड द्यायचं का बापाने लावलेलं?

श्राद्धाच्या आधी किनुको ओसाकाहून आली. तामोत्सुची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून एकटी राहायची, केस काळेभोर ठेवायची, आणि माहेरच्या उंबऱ्यात पाय ठेवला की तिच्या जिभेला पुन्हा विशीतली धार यायची. बापाची लाडकी. बॅग ठेवायच्या आधी तिने देव्हाऱ्यातल्या बापाच्या नावाच्या पाटीवर बोट फिरवून धूळ पाहिली. धूळ नव्हती, तर म्हणाली, “वहिनी, तुझा सगळा जन्म पुसण्यात गेला गं.”

तिला गाडीतूनच खोकला लागला होता. तोंडावर फडकं बांधायला हात्सुएने दिलं, ते तिने जेवताना काढलं आणि गप्पांच्या नादात पुन्हा बांधलंच नाही. बहीणभाऊ मेजाखालची शेगडी पायांशी घेऊन एकाच रजईत पाय घालून लहानपणच्या गोष्टी बोलत बसत. हात्सुए संत्री सोलून देत राहिली.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी तामोत्सु झाड तोडून, तासून घरी घेऊन आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. नाक वाहत होतं, पण ते रोजचंच. हात्सुएला त्याची शिंक न् शिंक ओळखीची होती. फुलोऱ्याची शिंक पाण्यासारखी असते. डोळे खाजवते, टाळू खाजवते, पण अंग तापवत नाही आणि घसा सोलत नाही. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गरम होतं. म्हणजे एकावर एक आलं होतं. फुलोरा होताच, वर बहिणीची सर्दी.

ती म्हणाली, नागाई-सानला विचारते.

“सणाचं दुकान बंद असेल,” किनुको म्हणाली. तिने उठून कपाटावरची लाल पेटी काढलीसुद्धा. ही पेटी घरात तिच्या आजीच्या काळापासून. वर्षातून एकदा लांबच्या तोयामाहून पेटीवाला यायचा, जे वापरलं गेलं त्याच्या जागी नवं ठेवून जायचा. आता त्याचा नातू येत होता. पोटदुखीच्या काळ्या गोळ्या, भाजल्याचं मलम, सर्दीच्या पुड्या. वाडीत असं घर नव्हतं जिथे ही पेटी नाही. आणि पेटीत असतं त्याला कोणी औषध म्हणत नसे. औषध म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेलं. पेटीतलं म्हणजे घरातलं, मीठ-मिसोसारखं.

हात्सुएने हळूच सांगितलं, नागाई-सान काय म्हणाली ते. दोन्हीचं कूळ एक. ह्यांना त्रास आहे. अडेल.

“पेटीतलं कसलं आलंय औषध?” किनुको म्हणाली. “आई साखरेबरोबर चाटवायची आम्हाला. मेलो का आम्ही?”

“तेव्हा ह्या गोळ्या नव्हत्या, किनुको-सान. आणि ह्यांचं वय नव्हतं.”

“म्हणजे उद्या सगळ्या वाडीसमोर दादाने शिंकत, नाकातून शेंबूड गाळत बाबांना पोचवायचं? तुझं काय जातं, वहिनी. बाप आमचा आहे.” आणि मग तामोत्सुकडे बघून हसली. “नाहीतर हिच्या याकुशीच्या भांड्यात काय आहे ते तरी दे म्हणावं. रोज पाणी पिऊन बसलाय, एवढ्यात काहीतरी उतरलं असेल त्यात.”

तामोत्सुही हसला. हसताना खोकला.

हात्सुए उठून कोपऱ्यातल्या फोनपाशी गेली. नंबर तिला पाठ होता. पलीकडे घंटा वाजू लागली. एवढ्यात पाठीमागून नवऱ्याचा आवाज आला, बसलेला, पण तिला कळेल असा.

“ठेव तो. सणाच्या दिवशी परक्या पोरीला घरून उठवून माझ्या लघवीचं गाऱ्हाणं सांगणार आहेस? लोकांना त्रास देऊ नये.”

लोकांना त्रास देऊ नये. ह्या वाक्यापुढे त्या डोंगरात कोणाचं काही चालत नाही. देवाचंही चालत नसेल. हात्सुएने फोन ठेवला.

एवढं तरी ती बोलली, की पुडी घ्यायचीच असेल तर उद्याची गोळी घेऊ नका, आणि एकच पुडी घ्या. खरं तर तीही तुम्हाला वर्ज्य आहे. तो हो म्हणाला. मग ती मागच्या अंगणात गेली, तासलेल्या झाडाला गवताची दोरी बांधायला. पालवीला हात लागला की बोटांवर पिवळं पीठ येत होतं. ती आत आली तेव्हा किनुको भांडी विसळत होती, भाऊ झोपला होता, आणि शेगडीच्या राखेत दोन फाडलेल्या पुड्यांचे कागद होते. हात्सुएने ते चिमट्याने उचलले. पुडीच्या पाठीवर बारीक अक्षरांत सगळं छापलेलं होतं. लघवीचा त्रास असलेल्यांनी विचारून घ्यावी, नाकाच्या दुसऱ्या औषधांबरोबर घेऊ नये. पेटीतली पुडी कधी कोणी वाचत नाही, एवढंच.

सकाळी पाणी ठेवून ती देवळीतून परतली, तर तामोत्सु काळ्या कोटात तयार उभा होता. नाक कोरडं. डोळे जरा काचेसारखे. नेहमीची गोळी त्याने घेतली होती, नेहमीची म्हणूनच घेतली, सवयीने. आणि किनुको त्याचा गळपट्टा नीट करत म्हणत होती की अजून एक पुडी दिली आहे, दुपारपर्यंत बघायला नको.

हात्सुएने विचारलं, सकाळी जाऊन आलात का? तो म्हणाला, जातो मागाहून. लोक येऊ लागले होते.

काम मात्र त्याने असं केलं की वाडीने बघत राहावं. झाड खांद्यावर घेतलं, शेंडा त्याच्या कानाशी, गालाशी घासत होता, पावलागणिक पिवळा धूर त्याच्या केसांवर, काळ्या कोटावर, पापण्यांवर बसत होता. मागून चालणारे रुमालात शिंकत होते. भटजीसुद्धा दोनदा मंत्र तोडून शिंकले. तामोत्सु शिंकला नाही. एकदाही नाही. थडग्यामागे झाड रोवून त्याने माती पायाने दाबली आणि सरळ उभा राहिला, तेव्हा ओरित्सु आजी, जिच्या तोंडून चांगला शब्द वाडीने क्वचितच ऐकला होता, ती म्हणाली, कुमाझोचा पोर शोभला हो.

किनुकोने विजयाने वहिनीकडे पाहिलं. हात्सुए पिवळा कोट बघत होती.

मग घरी जेवण. यजमान म्हणून तामोत्सुने चार शब्द बोलायचे होते. तो उभा राहिला, तोंड उघडलं, आणि जीभ टाळूला चिकटल्यासारखी झाली. पहिलं वाक्य कसंबसं बाहेर आलं, दुसरं अर्ध्यात राहिलं. लोकांना वाटलं, गहिवरला. बायकांनी डोळे पुसले. तो पाणी प्यायला, बसला, आणि लोक त्याच्या पेल्यात साके, तांदळाची दारू, ओतत राहिले. नाही म्हणणं यजमानाला शोभत नाही. हात्सुए वाढता वाढता त्याच्याकडे बघत होती. तो गुडघे मुडपून बसला होता आणि हात पोटावर होता. चेहरा हळूहळू राखेच्या रंगाचा होत होता. ती बशी उचलण्याच्या निमित्ताने जवळ गेली आणि म्हणाली, उठा, जाऊन या.

तो उठला, जाऊन आला. परत बसताना हात भिंतीला लावला. तिच्याकडे न बघता म्हणाला, “होत नाही.”

तिने सांगितलं की मी रुग्णवाहिका बोलावते. तो म्हणाला, भोंगा न वाजवता या म्हणावं. ती म्हणाली, तसं येत नाहीत, त्यांचा नियम आहे. मग तो म्हणाला, लोक जाऊ देत.

लोक सावकाश गेले. श्राद्धाच्या जेवणावरून लोक लवकर उठत नाहीत. मेलेल्याच्या गोष्टी सांगतात, आणि कुमाझोच्या गोष्टी पुष्कळ होत्या. तामोत्सु मान डोलवत होता. मधूनच मान छातीवर पडायची, पुन्हा वर यायची. शेवटच्या पाहुण्याला दारापर्यंत पोचवून, कमरेत वाकून नमस्कार करून तो वळला आणि उंबऱ्याशी गुडघ्यावरच बसला. तेव्हा त्याच्या तोंडून जो आवाज आला, तसा हात्सुएने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. झाड अंगावर पडलं होतं त्या सालीसुद्धा नाही.

भोंगा वाजलाच. खोरंभर वाजला.

इस्पितळात नळी घालून मोकळं केलं. तरुण डॉक्टरने मोजमापाची पिशवी बघून ओठ मुडपले आणि विचारलं, नेहमीच्या गोळ्यांशिवाय दुसरं काही औषध घेतलं होतं का? तामोत्सु म्हणाला, नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी त्याने औषध घेतलंच नव्हतं.

“सर्दीच्या पुड्या घेतल्या आहेत,” हात्सुए म्हणाली. “पेटीतल्या. काल दोन, आज सकाळी एक. गोळीही घेतली. वर साके.”

डॉक्टरने लिहून घेतलं. म्हणाला, घरात कोणी सांगितलं नव्हतं का, की हे एकत्र घ्यायचं नसतं?

किनुको भावाचं पांघरूण सारखं करत राहिली. बाहेर पडवीत आल्यावर मात्र किनुको बोलली. हळू बोलली, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

“तुला माहीत होतं, वहिनी. मला नव्हतं. औषधं तुझ्या हातात असतात. माहीत असून तू बसून राहिलीस.”

हात्सुएच्या ओठांवर पुष्कळ आलं. पण एक गोष्ट तिला खोडता येईना. माहीत होतं, हे खरं होतं.

नळी काढून बघितली, झालं नाही, पुन्हा घातली. पुन्हा काढली, पुन्हा घातली. मूत्राशय फार वेळ ताणलं गेलं, डॉक्टर म्हणाला. ताणलेला रबर कधी परत येतो, कधी नाही. नळीसकट घरी जा. तामोत्सुने ऐकून घेतलं. घरी यायच्या आदल्या संध्याकाळी, नर्स गेल्यावर, तो छताकडे बघत म्हणाला:

“किनुचं नाव घेऊ नको. कोणापुढेच. तिचं म्हणून ह्या जगात एवढं एकच घर राहिलंय.”

हात्सुए म्हणाली, नाही घेणार.

तो घरी आला आणि खोलीतला झाला. पिशवी मांडीला पट्ट्याने बांधलेली, वरून सैल पायजमा. डोंगराकडे पाठ करून बसायचा. न्हाणीघरातल्या पाण्यात उतरायचं सोडलं, ट्रकची किल्ली खिळ्यावर लटकत राहिली. फुलोरा ओसरत आला होता तरी शिंका होत्याच. शिंक आली की नळी ओढल्यासारखी व्हायची आणि तो डोळे मिटायचा. बाप उठला, असं आता म्हणायचा नाही.

हात्सुएने चहा सोडला. काही मागायचं तर आपल्या जिवाचं काहीतरी सोडायचं, ही तिकडची जुनी चाल, आणि तिला जिवापाड आवडणारी वस्तू एकच होती. पहाटे पाणी ठेवून ती याकुशीला म्हणाली की नळी निघेपर्यंत चहा नाही. नळी निघाली नाही तर मग कधीच नाही. त्या भांड्याकडे तिने नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ पाहिलं. किनुकोचं बोलणं आठवून लाज वाटली, आणि लाजेच्या आड काहीतरी कडूही होतं, ते तिने देवासमोर दाबलं नाही.

वाडीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. ओरित्सु आजी म्हणे सगळ्यांना सांगत होती, की हात्सुएने नवऱ्याला भलत्याच औषधावर भलतं औषध दिलं. एवढी देवाधर्माची बाई, पण घरातलं बघायला डोळे लागतात. किनुको ओसाकाला परत जाताना बस थांब्यावर आजीजवळ उभी होती, हे हात्सुएने आपल्या दारातून पाहिलं होतं. काय बोलल्या ते तिने पाहिलं नव्हतं.

महिना पालटला तेव्हा ती बसने खाली गेली, नागाई-सानकडे. तामोत्सुच्या नव्या गोळ्या घ्यायच्या होत्या. खरं तर मान खाली घालायला गेली होती. दुकानात कोणी नव्हतं. नागाई-सानने इस्पितळाचा कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि गल्ल्याआडून बाहेर येऊन तिच्याशेजारी बाकावर बसली.

“त्या संध्याकाळी फोन आला होता ना काकू तुमचा? वाजला आणि बंद झाला. तुमचा नंबर दिसला म्हणून मी थोड्या वेळाने उलट लावला.”

हात्सुएने वर पाहिलं.

“कोणी बाईंनी उचलला. म्हणाल्या, काही नाही, चुकून लागला असेल. मग मी पुन्हा नाही लावला. सणाच्या गडबडीत कशाला त्रास द्यायचा म्हणून.” नागाई-सानचा मऊ आवाज थोडा चिरकला. “लावायला हवा होता.”

मागच्या अंगणात पालवीला गवताची दोरी बांधत असताना घरात फोन वाजल्याचं हात्सुएला आता आठवलं. एकदाच वाजला होता. जेवण पुरवणाऱ्यांचा असेल, असं वाटलं होतं.

जिभेवर एक नाव होतं. ते उच्चारलं असतं तर ह्या मुलीच्या डोळ्यांतला दोष तरी उतरला असता, आणि आपल्यावरचाही. तिने ते गिळलं. चहा सोडणं त्यापुढे काहीच नव्हतं.

शेवटी तीच म्हणाली, “तुझं काही चुकलं नाही, बाळ. फोन मी ठेवला होता.”

नागाई-सानने नव्या गोळ्या बांधल्या. बांधता बांधता म्हणाली, की वरच्या वाडीत सगळी म्हातारी माणसं, सगळ्यांना फुलोऱ्याचा त्रास, निम्म्या गोळ्या इथूनच जातात, आणि पेटी घरोघरी आहे. ती प्रत्येकाला विचारते, दुसरं काही घेता का. सगळे म्हणतात, नाही. कागद छापून दिले, तर त्यांत शेतातले मुळे गुंडाळून परत भेट म्हणून आणून देतात. माझं कोणी ऐकत नाही, मी पोर. तुमचं ऐकतील, काकू. तुम्ही सांगाल का घरोघरी?

हात्सुएला कळलं, काय मागितलं आहे ते. घरोघरी जाऊन सांगायचं म्हणजे, काय झालं ते सांगायचं. काय झालं ते सांगताना कोण, ते सांगायचं नाही. म्हणजे वाडी जे बोलते आहे, ते आपल्या पायांनी त्यांच्या ओसरीवर नेऊन ठेवायचं, आणि वर नमस्कार करायचा.

“सांगेन,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाणी ठेवून आल्यावर तिने भात लावला, नवऱ्याची पिशवी रिकामी केली, कपडे धुऊन घरातच वाळत टाकले. मग आरशासमोर बसून केस नीट केले आणि काय बोलायचं ते मनाशी जुळवलं. खोटं तिला बोलायचं नव्हतं. ते तिच्या नेमात बसत नव्हतं. मी दिलं, असं ती म्हणणार नव्हती. माझ्या घरात असं असं झालं. पुडी पेटीतलीच होती, पण पुडीतही औषधच असतं. गोळी आणि पुडी, एक चालू असेल तर दुसरी विचारल्याशिवाय नाही. नुसती शिंक असेल तर फुलोरा, अंग तापलं तर सर्दी, आणि दोन्ही असेल तर हा नंबर. सुट्टी असली तरी. फोन माझ्या हातात होता आणि मी खाली ठेवला. तुम्ही ठेवू नका. एवढं सगळं खरं होतं, आणि त्यात कोणाचं नाव नव्हतं. ऐकणारे आपल्याला हवं ते नाव त्यात घालून घेतील. घालू देत.

प्रत्येक घरी चहा पुढे येईल, हेही तिला आठवलं. न घेतलेला चहा समोर गार होत राहील आणि लोक त्याचाही अर्थ लावतील.

पहिलं घर ओरित्सु आजीचं. त्यातून सुटका नव्हती. उतरणीवर तेच पहिलं लागायचं.

ती दारात चपला घालत असताना आतून तामोत्सुचा आवाज आला. कुठे निघालीस?

“ओरित्सु आजींकडे. मग पुढे.”

काय ते त्याला कळलं असावं. म्हणाला, “अगं, किनुचं—”

“नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला सांगितलंय ना.”

बाहेर उतार उभा होता, तांबूसपणा जाऊन आता नुसता हिरवा, जसं काही झालंच नाही. वर थडग्यांच्या ओळीत रोवलेल्या झाडाची पालवी सुकून गंजाच्या रंगाची झाली होती. हात्सुएने तोंडावर फडकं बांधलं, नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या हातातल्या पिशवीत आहेत ना ते चाचपलं, सरकतं दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि ती उतरण उतरू लागली.